‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी : वृद्ध जोडीदारातील विषाद व स्मृतिभ्रंश यांचे सापेक्ष निदान

वाढत्या वयात विसर पडणे समाजाने इतके गृहीत धरले आहे की ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या भाषेत कायमची रुळली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील चिकित्सालयांत ही म्हण आपण सर्वच वैद्य वारंवार ऐकतो. वृद्ध पती पत्नीला घेऊन येतात, किंवा पत्नी पतीला घेऊन येते, आणि तक्रार एकच असते : ‘ध्यानात राहत नाही, कशात लक्ष नाही, बोलणे कमी झाले आहे.’ सोबत मुलगा असल्यास तो एक वाक्य जोडतो : ‘वयच झाले आता, एखादे स्मरणशक्तीचे औषध द्या.’

या एका तक्रारीमागे दोन अगदी भिन्न व्याधी असू शकतात. एक विषाद, ज्याला लोक नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, आणि दुसरा स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया. पहिला बहुतांशी साध्य आहे. दुसरा बहुधा याप्य असून त्यात घराची, व्यवहाराची व शुश्रूषेची तयारी वेळीच करावी लागते. विषादाला म्हातारपण समजले तर बरा होऊ शकणारा रुग्ण वर्षानुवर्षे खाटेवर पडून राहतो, प्रसंगी जीव देतो. स्मृतिभ्रंशाला ‘टेन्शन’ समजले तर घरचे त्याला रागावत राहतात, तो बाजारातून घरी परतताना चुकतो, शेगडी सुरूच राहते, आणि काय लिहिले आहे हे न कळता जमिनीच्या कागदावर त्याचा अंगठा उमटतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या दोहोंच्या सापेक्ष निदानाचा, विशेषतः त्यात जोडीदाराकडून मिळणाऱ्या माहितीचा, व्यवहारोपयोगी विचार मांडत आहोत.

प्रश्न लहान नाही. देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असून त्याचे प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आढळले. आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडली आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये शिकलेल्या पिढीतील अनेक जण पुणे, मुंबई, हैदराबाद येथे नोकरीस गेले, आणि घरी वृद्ध पती-पत्नी दोघेच उरले. अशा घरात एकाच्या वागण्यातील बदल पाहणारा दुसरा एकच असतो.

संहितांचा आधार

शार्ङ्गधराचार्यांनी दर दशकाला क्षीण होणाऱ्या भावांचा क्रम सांगितला आहे. त्यात मेधा चौथ्या दशकात, दृष्टी सहाव्यात आणि बुद्धी नवव्या दशकात क्षीण होते. म्हणजे नव्याने ऐकलेले चटकन न उमगणे लवकर सुरू होऊ शकते, परंतु बुद्धीचा ऱ्हास ऐंशीच्या पुढचा मानला आहे. साठी-पासष्टीतच बुद्धी हरपू लागली तर ‘वय झाले’ हे उत्तर आपल्या शास्त्रालाही मान्य नाही. तेथे व्याधी शोधलाच पाहिजे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात वृद्धावस्थेत ग्रहण, धारण, स्मरण, वचन यांची हानी व वाताचे प्राधान्य सांगितले आहे. सूत्रस्थानातील वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व यांचा समावेश आहे, आणि रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. विषाद आणि स्मृतिनाश या दोहोंच्या मुळाशी वात आहे. त्यामुळे केवळ दोषविचाराने, नाडी व जिव्हा पाहून, हे दोन व्याधी वेगळे करता येत नाहीत. येथे इतिवृत्त आणि अनुमान यांचाच आधार घ्यावा लागतो.

निदानस्थानात उन्मादाचे स्वरूप सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठ भावांचा विभ्रम सांगितला आहे. आमच्या मते ही आठ पदे वृद्ध रुग्णाचा इतिहास घेण्यासाठी उत्तम सूची ठरतात. यांपैकी आधी काय बिघडले, एवढे विचारले तरी निदानाची दिशा बहुधा कळते. विषादात बहुधा भक्ती प्रथम जाते, म्हणजे आवड, ओढ, इच्छा. भजनाला जाणे सुटते, नातवाचा फोन नकोसा होतो. अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशात स्मृती प्रथम जाते आणि आवड काही काळ टिकून राहते. शील आणि आचार प्रथम बिघडले, उदाहरणार्थ आयुष्यभर सभ्य असलेला मनुष्य चारचौघांत अपशब्द बोलू लागला, तर मेंदूच्या पुढील भागाच्या ऱ्हासाची शंका घ्यावी.

जोडीदाराची साक्ष

या विषयाच्या आधुनिक इतिहासाची सुरुवातही एका जोडीदाराच्या तक्रारीने झाली. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तिच्या पतीने रुग्णालयात आणले. तिच्यात प्रथम दिसलेला बदल म्हणजे पतीविषयीचा निराधार संशय. पुढे स्मृती गेली. १९०६ मध्ये तिच्या निधनानंतर डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील विकृती मांडली आणि व्याधीला त्यांचे नाव मिळाले. उतारवयात नव्याने उद्भवलेल्या संशयी वृत्तीकडे घरगुती भांडण म्हणून पाहू नये, हे त्या इतिवृत्तावरून लक्षात येते.

परंतु जोडीदाराची साक्ष जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासात पती-पत्नी एकमेकांची उणीव नकळत भरून काढतात. पत्नी पतीचा चष्मा, औषधे, पाहुण्यांची नावे, देणे-घेणे सांभाळते, आणि त्यामुळे पतीचा स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे झाकला जातो.

लोहा तालुक्यातील सत्तर वर्षांच्या एका शेतकऱ्याचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे (ओळख पटेल असे तपशील आम्ही वगळले आहेत). पत्नीच्या निधनानंतर दोनच महिन्यांत ‘वडिलांनी धसका घेतला, सगळे विसरू लागले’ म्हणून मुलांनी त्यांना आणले. शोक होताच. मात्र त्यांच्या भावजयीस स्वतंत्रपणे विचारता कळले की, दोन वर्षांपूर्वीच ते आठवडी बाजारातून परतताना वाट चुकले होते, आणि तेव्हापासून पत्नी त्यांना एकटे पाठवीत नसे. येथे शोकाने स्मृती गेली नव्हती. आधीच गेलेल्या स्मृतीवरचे पांघरूण पत्नीबरोबर गेले होते.

याउलट जोडीदार कधी अतिशयोक्तीही करतो, कारण तो स्वतः थकलेला व खचलेला असतो. म्हणून रुग्णासमोर आणि रुग्णाच्या अपरोक्ष, अशी दोन वेळा माहिती घ्यावी. प्रश्न विचारताना जोडीदारास रुग्णाच्या मागे बसवावे, अन्यथा उत्तरे तोच देतो. शक्य झाल्यास घराबाहेरच्या एका व्यक्तीसही, उदाहरणार्थ शेजारी वा सालगड्यास, विचारावे.

आरंभ केव्हा आणि आधी काय

आमच्या अनुभवात सर्वांत उपयुक्त प्रश्न हे दोनच. विषादाचा आरंभ घरच्यांना सांगता येतो : दिवाळीनंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, धाकटा मुलगा वेगळा राहू लागल्यापासून. काळ आठवड्यांचा वा काही महिन्यांचा असतो. स्मृतिभ्रंशाचा आरंभ सांगताना घरचे अडखळतात. एक जण वर्ष म्हणतो, दुसरा तीन वर्षे म्हणतो.

ग्रामीण रुग्णास सन विचारून उपयोग नसतो. या भागातील ठळक घटनांचा आधार घ्यावा. ऐंशीच्या पुढील व्यक्तीस रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती, सत्तरीतील व्यक्तीस १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे व सुकडी, आणि सर्वांनाच ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. या दूरच्या आठवणी स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकतात, त्यामुळे ‘त्यांना जुने सगळे आठवते’ यावरून निर्धास्त होऊ नये. जवळचे विचारावे : गेल्या पोळ्याला घरी कोण आले होते, यंदा सोयाबीन काय भावाने गेले, आज येथे कोणत्या वाहनाने आलात.

किल्लारी, सास्तूर परिसरातील रुग्णांविषयी एक विशेष सूचना. त्या भूकंपात अधिकृत नोंदीनुसार ७,९०० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा पस्तिशीत असलेले पती-पत्नी आज पासष्टीच्या पुढे आहेत. भूकंप गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास झाला. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे हे विषादाचे महत्त्वाचे लक्षण आहे, पण येथील रुग्ण व जोडीदार त्याला भूकंपाची आठवण म्हणून सोडून देतात. गणेशोत्सवाच्या सुमारास वाढणारी उदासी आणि वर्षभर टिकणारा निद्रानाश यांतील भेद विचारून घ्यावा. ज्यांनी अपत्ये गमावली त्यांना हे हळुवारपणेच विचारावे.

सापेक्ष निदान

१८व्या शतकापासून नव्हे, तर गेल्या साठ वर्षांतच या भेदाची पद्धतशीर मांडणी झाली. विषादामुळे स्मृतिभ्रंशासारखे चित्र दिसते त्याला ‘छद्म-स्मृतिभ्रंश’ म्हणता येईल. मानसरोगतज्ज्ञ लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये आणि चार्ल्स वेल्स यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्या वर्णनांत आपल्याकडील अनुभवाची भर घालून पुढील मुद्दे देत आहोत.

१. तक्रार कोणाची? विषादात रुग्ण स्वतःच ‘माझे डोके चालत नाही’ असे वारंवार सांगतो. स्मृतिभ्रंशात तक्रार जोडीदाराची असते, आणि रुग्ण ‘मला काय झाले आहे?’ असे विचारतो.

२. उत्तराची रीत. विषादग्रस्त ‘माहीत नाही, सोडा’ म्हणून प्रयत्नच सोडतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चुकीचे पण जवळपासचे उत्तर देतो, विषय बदलतो, हसून वेळ मारून नेतो, अथवा प्रत्येक प्रश्नाला मान वळवून जोडीदाराकडे पाहतो.

३. सूचक शब्दाचा परिणाम. विषादात थोडी आठवण करून दिली की उत्तर येते, कारण साठा शाबूत असतो. अल्झायमर प्रकारात सूचना देऊनही आठवत नाही, कारण नोंदच झालेली नसते.

४. दिवसाची वेळ. विषाद बहुधा सकाळी अधिक असतो. स्मृतिभ्रंशातील गोंधळ दिवेलागणीस वाढतो.

५. भाषा, वाट व हातातील कौशल्य. नेहमीच्या वस्तूचे नाव न सुचणे, ओळखीच्या गल्लीत चुकणे, धोतर वा लुगडे नेसता न येणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे होत. विषादात कृती मंद होते, पण कृतीचे ज्ञान जात नाही.

६. आहार व निद्रा. अन्नद्वेष, वजन घटणे, मलावष्टंभ, पहाटे जाग येणे विषादात आरंभापासून दिसते.

७. भाव. विषादात दैन्य, अपराधीपणा, ‘मी घराला भार झालो’ अशी भाषा असते. स्मृतिभ्रंशात औदासीन्य असू शकते, पण त्या औदासीन्याचे रुग्णास दुःख नसते.

८. पूर्ववृत्त. तारुण्यात, प्रसूतीनंतर वा आप्तवियोगानंतर विषादाचा झटका येऊन गेला असल्यास शंका विषादाकडे झुकते.

एकाच लक्षणावरून निर्णय करू नये. तीन-चार लक्षणांची दिशा एक असेल तेव्हाच मत बनवावे.

औसा तालुक्यातील अडुसष्ट वर्षांच्या एका स्त्रीचे उदाहरण असे. पतीची तक्रार होती की भाजीत मीठ विसरते, देवपूजा सुटली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. आरंभ चार महिन्यांचा होता. प्रश्न विचारता ‘मला येत नाही, माझ्याच्याने आता काही होत नाही’ हेच उत्तर. पुरणपोळीची कृती विचारली तेव्हा तिने प्रथम नकार दिला, पण ‘डाळ शिजली, मग?’ एवढे म्हणताच पुढील सर्व पायऱ्या क्रमाने सांगितल्या. पहाटेची जाग होती, आणि एकांतात तिने मरणाचे विचार कबूल केले. तिला त्याच आठवड्यात मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तीन महिन्यांनंतर ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहत होती.

निरक्षर रुग्णाची परीक्षा

सर्वत्र वापरली जाणारी फोल्स्टीन यांची १९७५ ची परीक्षा वाचन, लेखन, आकृती काढणे आणि शंभरातून सात-सात वजा करणे यांवर आधारलेली आहे. शाळेत न गेलेला सशक्त मनुष्यही तीत नापास होतो. म्हणूनच १९९५ मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथे ग्रामीण निरक्षरांसाठी हिंदी परीक्षा तयार करण्यात आली. तिचे तत्त्व आपल्यालाही स्वीकारता येते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात अनुमानाने जाणावयाचे भाव सांगितले आहेत : मेधा ग्रहणशक्तीवरून, संज्ञा नाव ओळखण्यावरून, स्मृती स्मरणावरून, शोक दैन्यावरून. हीच चार पदे घेऊन दहा मिनिटांची परीक्षा होते.

ग्रहणासाठी तीन टप्प्यांची आज्ञा द्यावी : हा कागद उजव्या हाताने घ्या, मधे दुमडा, बाजूला ठेवा. संज्ञेसाठी विळा, कंदील, चाळणी, किल्ली अशा वस्तू वा चित्रे दाखवून नाव विचारावे. स्मरणासाठी तूर, घागर, विळा असे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारावेत, आणि न आठवल्यास ‘एक धान्य होते’ अशी सूचना द्यावी. बुद्धीसाठी पाचशेची नोट दिली, एकशेवीसचा माल घेतला, परत किती येतील असे विचारावे. शेतकऱ्यास सोयाबीन काढल्यावर त्याच रानात काय पेरता, हे विचारता येते. दैन्यासाठी पंधरा प्रश्नांची वृद्धांची विषादमापन सूची तोंडी ‘होय-नाही’ स्वरूपात वापरता येते. पाचपेक्षा अधिक गुण आल्यास विषादाची शंका दृढ होते. परीक्षेपूर्वी कान व डोळे तपासावेत. ऐकू न आलेल्या प्रश्नाचे उत्तर न मिळणे म्हणजे विस्मृती नव्हे.

तिसरी शक्यता

दोनच व्याधींचा विचार केल्यास तिसरी शक्यता सुटते. अवटू ग्रंथीची मंदता, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, रक्तातील सोडियम कमी होणे, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त, मद्य, आणि औषधे ही सर्व कारणे विषादाचे व विस्मृतीचे दोन्ही चित्र निर्माण करतात. शाकाहारी, माळकरी घरांत, तसेच मेटफॉर्मिन अथवा आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ ची तपासणी टाळू नये. रक्तगणना, साखर, टीएसएच, ब-१२, सोडियम, क्रिएटिनिन यांच्या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा उपलब्ध असतात. गोंधळ काही तासांत वा दिवसांत उद्भवला, शुद्धी कमी-अधिक होत असली, तर तो विषादही नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. मूत्रसंसर्ग, ज्वर, मूत्रावरोध, पक्षाघात यांचा शोध घेण्यासाठी रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधांच्या बाबतीत आपण प्रथम आपल्याच कपाटाकडे पाहावे. सर्पगंधेचे रक्तदाबावरील कार्य कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मांडले, आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या निबंधामुळे ते जगभर पोहोचले. सर्पगंधेतील रेसर्पिन १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले, आणि त्याच दशकात ते घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद आढळल्याच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे त्या संबंधाच्या प्रमाणाविषयी मतभेद झाले, तरी विषाद असलेल्यास वा पूर्वी होऊन गेलेल्यास ते न देण्याची सावधगिरी कायम आहे. झोपेसाठी व रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे सर्पगंधेच्या गोळ्या घेणारा वृद्ध उदास झाला, तर ती गोळी प्रथम आठवावी.

धोत्रा व खुरासानी ओवा असलेले कल्प वृद्धांत मुखशोष, मूत्रावरोध, मलावष्टंभ आणि स्मृतीचा गोंधळ निर्माण करू शकतात. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये असून, त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. आधुनिक औषधांपैकी झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन आणि लघवीवरील नियंत्रणाची काही औषधे हेच करतात.

दोन्ही एकत्र असतील तेव्हा

विषाद आणि स्मृतिभ्रंश एकाच रुग्णात असू शकतात. पक्षाघातानंतर वा कंपवातात हे विशेषत्वाने दिसते. उतारवयात प्रथमच उद्भवलेला विषाद काही रुग्णांत पुढील स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असतो. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता वा कमी करता येण्याजोगे चौदा धोके सांगितले, त्यांत विषाद, बहिरेपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि एकाकीपणा आहेत. म्हणून विषाद बरा झाला तरी रुग्णास सोडू नये. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी तीच परीक्षा करून नोंद ठेवावी. आज निश्चित न होणारे निदान अशा नोंदींवरून कालांतराने स्पष्ट होते. शंका असल्यास विषादाची चिकित्सा प्रथम करावी, कारण तेथे लाभाची शक्यता अधिक असते.

चिकित्सेची मर्यादा व क्षेत्र

सौम्य विषादात सत्त्वावजय, दिनचर्या, सकाळचे चालणे व सहवास, अभ्यंग, शिरोभ्यंग, अग्निविचार करून घृतकल्प यांना निश्चित स्थान आहे. चरकोक्त चार मेध्य रसायने, म्हणजे मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी, देहबल पाहून वापरावीत. मात्र रसायन सुरू केले म्हणजे निदान झाले, असे समजू नये. अपस्माराचे फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णास शंखपुष्पीचा कल्प दिल्यास रक्तातील फेनिटॉइन कमी होऊन आवेग येऊ शकतात, हे मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवून दिले आहे. यष्टिमधु रक्तदाब वाढवू शकते. आसव-अरिष्टांतील मद्यांश व शर्करा यांचा मधुमेही रुग्णात विचार व्हावा.

मध्यम व तीव्र विषाद, अन्नत्याग, भ्रम-संशय, मरणेच्छा, किंवा स्मृतिभ्रंशाची शंका असल्यास रुग्णास विलंब न करता पाठवावे. नांदेड येथे विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही शासकीय ठिकाणे आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून तेथे मराठीत बोलता येते. मानसरोगतज्ज्ञाने सुरू केलेले विषादनाशक औषध परिणाम दाखविण्यास चार ते सहा आठवडे, वृद्धांत कधी त्याहून अधिक काळ घेते. ‘गुण आला नाही’ म्हणून ते आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

मरणेच्छेविषयी विचारण्यास संकोच करू नये. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. मराठवाड्यातील शेतकरी घरात फवारणीचे औषध हाताशी असते. विषादाची शंका येताच ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे देण्याचा सल्ला जोडीदारास त्याच भेटीत द्यावा. ‘पोलिसांची भानगड’ म्हणून पूर्वीचा प्रयत्न लपविला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, हे घरच्यांना समजावून सांगावे.

औषध दुकानदारांसाठी

वृद्धासाठी स्मरणशक्तीचे औषध मागणारा ग्राहक बहुधा वैद्याआधी दुकानात येतो. म्हणून दुकानदार बंधू-भगिनींना तीन प्रश्नांची विनंती आहे. विसर केव्हापासून आहे? जेवण व झोप कशी आहे? सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत? विसर अचानक सुरू झाला असेल, जेवण तुटले असेल, किंवा यादीत सर्पगंधा, झोपेची गोळी वा सर्दीची गोळी नित्य असेल, तर बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत, ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे नेली जाणारी झोपेची गोळी वृद्धांत पडणे आणि विस्मृती या दोहोंचे कारण ठरते. पण ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच कमी व्हावी.

शुश्रूषा करणारा जोडीदार

शेवटी, रुग्णास घेऊन आलेल्या व्यक्तीचाही विचार व्हावा. रात्री दहादा उठणारी, स्वतःचा रक्तदाब न तपासणारी पत्नी ही दुसरी रुग्ण असते. प्रत्येक भेटीत दोन मिनिटे तिची झोप, भूक व मनःस्थिती विचारावी, आणि परगावच्या मुलांना फोनवर स्पष्ट शब्दांत काम वाटून द्यावे. स्मृतिभ्रंशाचे निदान निश्चित झाल्यास बँक, जमीन व निवृत्तिवेतन यांची व्यवस्था रुग्णास समज आहे तोवरच, त्याच्या संमतीने व कायदेशीर सल्ल्याने करावी. दोन व्याधींतील भेद कुटुंबास शब्दांनी पटत नसेल तर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे दोन मराठी चित्रपट पाहण्यास सांगावे. ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित आहेत, तर ‘कासव’मध्ये विषादाने ग्रासलेला तरुण आहे. दोहोंतही रागावून नव्हे, समजून घेऊन माणूस सावरतो असे दिसते.

आपल्याकडे मोठी यंत्रे नसतील. परंतु कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, त्यांची बोली आणि त्यांच्यासाठी काढलेला वेळ हे आपल्याजवळ आहे, आणि या निदानात तेच सर्वाधिक उपयोगी पडते. प्रत्येक वैद्याने आपल्या साठीपुढील रुग्णांच्या नोंदवहीत ‘आरंभ केव्हा, आधी काय’ असा एक रकाना या तिमाहीपासून सुरू करावा, अशी आमची विनंती आहे.